तारीख गेली, प्रसंग राहिला : ‘स्मृतिचित्रे’ आणि उतारवयाची स्मृती

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल आपल्याकडे दोन प्रकारची माणसे बोलतात. पहिला प्रकार भाविकांचा. पन्नास वर्षांपूर्वीचे बोलणे बाईंनी शब्दन् शब्द उतरवले आहे, काय ती स्मरणशक्ती, असे म्हणून ते हात जोडतात आणि पुस्तक कपाटात ठेवतात. दुसरा प्रकार तपासनिसांचा. ते मिशनचे अहवाल, जुनी पत्रे, नोंदवह्या काढून बसतात आणि अमुक प्रसंगाचा काळ जुळत नाही, तमुक संवाद असा झालाच नसेल, असा ठपका ठेवतात. नगरमध्ये राहून (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला अजून सवय व्हायची आहे) या पुस्तकाचा नाद ज्याला लागतो, त्याला दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. मलाही भेटले. मला नवल वाटते ते हे की, एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या या दोन्ही पक्षांच्या डोक्यात स्मृतीची कल्पना मात्र एकच आहे. स्मृती म्हणजे कुलूपबंद पेटी. आत ठेवलेले जसेच्या तसे निघाले तर शाबासकी, नाही निघाले तर दंड.

स्मृती पेटीसारखी नसते. हे आता मानसशास्त्रात नवे राहिलेले नाही, पण मराठी आत्मचरित्रांच्या समीक्षेत ते अजून पुरेसे पोचलेले नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ‘स्मृतिचित्रे’ हा एका वृद्ध स्त्रीच्या स्मृतीचा ग्रंथ आहे, आणि उतारवयात स्मृती काय टाकते, काय राखते, हे लक्षात घेऊन तो वाचला तर त्यातल्या उणिवा आणि त्याची ताकद एकाच मुळातून आलेल्या दिसतात.

काळाचा हिशेब आधी मांडून ठेवू. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ताटातुटीची वर्षे गेली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. मधला आणि पुढचा बराच काळ राहुरी आणि नगर इथला. टिळक १९१९ मध्ये वारले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये छापून आला तेव्हा लेखिका सहासष्ट वर्षांच्या होत्या. १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि अपुरा राहिलेला चौथा भाग चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. म्हणजे अकराव्या वर्षाची हकीकत पंचावन्न वर्षांनी आणि बाप्तिस्म्याची पस्तीस वर्षांनी कागदावर येत होती. लिहिणारी व्यक्ती शाळेत कधी गेलेली नव्हती. अक्षरओळख झाली ती घरात, टिळकांच्या शिकवणीतून. रोजनिशी ठेवण्याचा हा संसारच नव्हता.

आता पहिला प्रश्न संवादांचा. ‘स्मृतिचित्रे’चा अर्धा जीव संवादांत आहे. टिळक काय म्हणाले, बाई काय म्हणाल्या, शेजारीण मध्येच काय बोलली, सगळे असे येते की आपण दाराआडून ऐकतो आहोत. हे शब्दन् शब्द आहे का? नाही. असू शकत नाही. १९६७ साली जॅकलिन सॅक्स या अमेरिकन संशोधिकेने एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एक उतारा ऐकवायचा आणि मध्येच थांबवून, आत्ता ऐकलेले वाक्य नेमके असेच होते का, हे विचारायचे. वाक्य संपून जेमतेम अर्धे मिनिट झाले की ऐकणाऱ्याला त्याची रचना सांगता येत नसे. अर्थ बदलला तर मात्र तो चटकन ओळखत असे. शब्द गळतात, आशय राहतो. अर्ध्या मिनिटात ही गत, तर अर्ध्या शतकाचे काय?

मग बाईंनी संवाद रचले, असे म्हणायचे का? इथे मला एका वेगळ्याच जगातली गोष्ट उपयोगी वाटते. १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे अध्यक्ष निक्सन यांचे एके काळचे कायदा सल्लागार जॉन डीन यांनी वॉटरगेट प्रकरणात साक्ष दिली. त्यांचे लेखी निवेदनच २४५ पानांचे होते. बैठकींतले इतके तपशील, इतकी संभाषणे त्यांनी सांगितली की लोक त्यांना चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणू लागले. थोड्याच दिवसांत उघड झाले की निक्सन यांच्या कार्यालयात खरेच टेपरेकॉर्डर चालू होता. पुढे उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने डीन यांची साक्ष आणि ध्वनिफितींचा मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहिले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष छापले. शब्द जुळत नव्हते, हे अपेक्षितच होते. पण एका बैठकीच्या बाबतीत तर तिथे काय बोलले गेले याचा आशयही बहुतांशी जुळत नव्हता. आणि तरी डीन खोटे बोलत नव्हते. निक्सन आणि त्यांची माणसे काय करत होती, कोणाला काय ठाऊक होते, हे त्यांनी सांगितले ते खरे होते. अनेक बैठकींतून पुन्हा पुन्हा जे घडले त्याचा अर्क त्यांच्या स्मृतीने एका बैठकीत ओतला होता.

‘स्मृतिचित्रे’तल्या टिळकांकडे असे पाहावे. शीघ्रकोपी, भोळा, उदार, घरात पैसा टिकू न देणारा, अचानक उठून चालू लागणारा हा माणूस शेकडो वेळा तसा वागला असेल. बाईंच्या स्मृतीने त्या शेकड्यातून दोन-चार प्रसंग घडवले. एखाद्या विशिष्ट दुपारी टिळक नेमके ते वाक्य बोलले असतील असे शपथेवर सांगता येणार नाही, पण टिळक ‘असे’ बोलत असत, याला इतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाही. संवादांत दोघांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, आणि ते वेगळेपण पुस्तकभर ढळत नाही, ही माझ्या मते तारखांपेक्षा मोठी प्रचीती आहे.

स्मृती घडवते, हा विचार ज्या ग्रंथाने रुजवला तो केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचा ग्रंथ १९३२ चा. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या पहिल्या भागापेक्षा फक्त दोन वर्षे आधीचा. त्याआधी जर्मनीत एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे पाठ करून विसरण्याचा आलेख काढला होता, सुरुवातीला झपाट्याने घसरणारा आणि मग सपाट होत जाणारा. बार्टलेट यांनी अक्षरांऐवजी गोष्ट घेतली. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने, काहींना काही वर्षांनी, ती लिहून काढायला सांगितली. गोष्ट आखूड होत गेली. पण त्याहून महत्त्वाचे असे की ती इंग्रजी होत गेली. तिकडची होडी साधी नाव झाली, सील माशांची शिकार ही मासेमारी झाली, भुताखेतांचा न कळणारा भाग गळून पडला. माणूस आठवत नाही, तर आपल्याजवळच्या साच्यात घालून पुन्हा बनवतो. नाशिकला बसून आठवणी लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या कानावर बार्टलेट जाण्याचे कारण नव्हते, पण आपल्या आठवणींना त्यांनी ‘चित्रे’ म्हटले, हकीकत म्हटले नाही, इतिहासही म्हटले नाही. मला ही निवड सहज केलेली वाटत नाही.

या साच्याचा एक धोका या पुस्तकाच्या संदर्भात कुणी नीट मांडलेला मला दिसला नाही. पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे वडिलांच्या सोवळ्याचे वेड. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी मीठसुद्धा. वाचताना हसू येते आणि त्या घरातल्या बायकामुलांचे हाल पाहून अंगावर काटाही येतो. आता, हे लिहिणारी बाई पस्तीस वर्षे ख्रिस्ती आहे. सोवळे-ओवळे तिच्या लेखी केव्हाच संपलेले आहे. तेव्हा वडिलांचे सोवळे तिला ‘वेड’ म्हणून आठवते, यात आठ वर्षांच्या मुलीचा अनुभव किती आणि सहासष्ट वर्षांच्या बाईचा साचा किती? त्या मुलीला ते वेड वाटत होते, की सगळ्याच घरांत असे असते असे वाटत होते? पुस्तक यावर बोलत नाही, आणि कोणतेही आत्मचरित्र बोलू शकणार नाही. पण मीठ धुण्याचा तपशील साच्यातून येत नाही. धर्म बदलल्यामुळे माणूस मीठ धुतल्याचे कल्पून लिहीत नाही. इतिहासासाठी हे पुस्तक वापरायचे असेल तर तपशील आणि त्यावरचा रंग अशी निवड वाक्यावाक्याला करावी लागते. मी ती करून पाहतो, आणि बहुतेक ठिकाणी तपशील टिकतो.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. वडिलांच्या वेडाचे मूळ बाई १८५७ च्या धामधुमीत शोधतात. त्यांच्या आईचे वडील त्या वेळी फाशी गेले. हा प्रसंग लेखिकेच्या जन्माआधी अकरा वर्षांचा. म्हणजे आठवणींच्या या पुस्तकाची सुरुवातच अशा गोष्टीने होते की जी लेखिकेची आठवण नाही. मानसशास्त्रात १९७२ पासून, एन्डेल टल्विंग यांच्या मांडणीनंतर, स्मृतीचे दोन भाग मानतात. एक घटनास्मृती: मी तिथे होतो, मी पाहिले. दुसरी ज्ञानस्मृती: मला हे ठाऊक आहे, कुठून कळले ते सांगता येत नाही. वय वाढते तशी पहिली कमकुवत होते, दुसरी बराच काळ टिकते. आणि पहिली कमकुवत होताना तिच्यातून सर्वांत आधी गळतो तो स्रोत. गोष्ट लक्षात राहते, पण ती पाहिली की ऐकली, ऐकली तर कोणाकडून, आईकडून की आत्याकडून, हे पुसले जाते. ‘स्मृतिचित्रे’त पाहिलेले आणि ऐकलेले एकाच आवाजात येते. शिवण दिसत नाही. वाचकाला हे सुख आहे, संशोधकाला डोकेदुखी.

तुलनेसाठी आपल्याच जिल्ह्यातले एक नाव घेतो. ‘लीळाचरित्र’ जुळवणारे म्हाइंभट हे सराळ्याचे. चक्रधर निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यांनी नागदेवाचार्यांच्या आणि इतर अनुयायांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याची लीळा त्याच्याकडून ऐकावी, असा त्यांचा प्रयत्न होता. पुढे मूळ पोथी परचक्राच्या धांदलीत हरवली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मृतीतून पुन्हा लिहिली गेली. एकाहून अधिक पाठ तयार झाले, पण महानुभावांनी ते दडवले नाहीत. कोणाच्या परंपरेत काय वेगळे आहे याची नोंद ठेवली. सातशे वर्षांपूर्वी या लोकांना कळले होते की स्मृतीचा दुबळा सांधा स्रोताचा आहे आणि तिथे खिळा मारून ठेवला पाहिजे. अभ्यासकांनी ‘लीळाचरित्रा’च्या पाठभेदांवर जेवढे कष्ट घेतले त्याच्या दशांशही ‘स्मृतिचित्रे’तल्या ‘हे पाहिलेले की ऐकलेले’ या प्रश्नावर घेतलेले नाहीत. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आवृत्ती आहे म्हणून पायाखाली काही जमीन तरी आहे.

दुसरा प्रश्न असा की, नेमकी कोणती वर्षे आठवतात? पुस्तक हातात घेऊन पाहावे. लग्नापासून बाप्तिस्म्यापर्यंतची वीस वर्षे हा त्याचा कणा आहे. लेखिकेच्या अकराव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की उतारवयाच्या माणसांना मोकळेपणी आठवायला सांगितले तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. आलेखावर तिथे उंचवटा दिसतो. कारणे अनेक सांगतात: याच वर्षांत बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात, मेंदू तरतरीत असतो, ‘मी कोण’ हे याच काळात ठरते आणि पुढे आपण स्वतःची ओळख करून देताना हेच प्रसंग वापरतो. लक्ष्मीबाईंचा तर ‘मी कोण’ हा प्रश्न याच वीस वर्षांत दोनदा सुटला. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली, आणि ब्राह्मण घरातल्या लक्ष्मीची ख्रिस्ती लक्ष्मीबाई. राहुरीच्या मुक्कामात जातिभेदाबद्दलचे त्यांचे मन कायमचे पालटले, त्याची हकीकत त्या सांगतात ती याच उंचवट्याच्या टोकावरची आहे.

या नियमाला एक सुंदर अपवाद पुस्तकातच आहे, तो म्हणजे बालकवी. ठोमरे नगरला टिळकांच्या घरात राहिले तेव्हा बाई चाळिशीच्या पुढे होत्या. उंचवटा केव्हाच संपला होता. तरी ती पाने पुस्तकातली सर्वांत ओली पाने आहेत. मोठा भावनिक धक्का बसला की मेंदू त्या सगळ्या काळावर जणू शाईचा ठसा मारतो, आणि ठोमरे अठ्ठाविसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, रेल्वेखाली गेले. तो मृत्यू नसता तर त्यांचे हट्ट, रुसवे, लहान मुलासारखे वागणे इतके राहिले असते का? मला शंका आहे. मृत्यू मागे जाऊन आठवणी उजळतो. टिळकांच्या बाबतीतही हेच झाले. पुस्तक सुचले तेच मुळी टिळक गेल्यावर, मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या म्हणून.

आठवण सांगितली की पक्की होते, हेही प्रयोगांनी सिद्ध आहे. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितल्याने जास्त टिकते. पण २००० साली उंदरांवरच्या प्रयोगांतून करीम नादेर यांनी दुसरी बाजू पुढे आणली. आठवण जागी केली की ती काही काळ मऊ पडते आणि पुन्हा घट्ट होताना तिच्यात बदल होऊ शकतो. माणसाच्या आयुष्यातल्या गोष्टींना हे कितपत लागू पडते यावर वाद आहेत, पण घरात वारंवार सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचा आपला अनुभव काय आहे? दर वेळी गोष्ट थोडी गोलाकार होते, शेवट अधिक ठसकेबाज होतो. ‘स्मृतिचित्रे’तले कितीतरी प्रसंग बरोबर हशाच्या जागी संपतात, आणि तो हशा बहुधा स्वतःच्या फजितीवर असतो. माझा तर्क असा की हे प्रसंग लिहिण्याआधी नाशिक-नगरच्या ओट्यांवर अनेकदा सांगून झालेले होते. कागदावर आले ते शेवटचे सांगणे.

आता म्हातारपणाकडे वळतो. स्मृती वयोमानाने का मंदावते? मी या शास्त्राचा पदवीधर नव्हे. वाचून जेवढे समजले ते सांगतो. मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा, बाकदार भाग असतो. त्याचे काम १९५३ मध्ये एका दुर्दैवाने कळले. फेफऱ्याने त्रासलेल्या हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस शस्त्रक्रियेत बरेचसे काढले गेले. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत त्याच्या मनात एकही नवा प्रसंग टिकला नाही. जुने बालपण आठवे, बुद्धी शाबूत होती. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला शिकवले. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणे की हे मी आज पहिल्यांदाच करतो आहे. प्रसंग बांधणारा कारागीर वेगळा आणि हाताला वळण लावणारा वेगळा, हे त्यातून उघड झाले.

हा बांधणारा कारागीर वयाबरोबर थकतो. मेंदूतल्या पेशी रोज लाखोंनी मरतात असे पूर्वी सांगत. निरोगी म्हातारपणात तसे होत नाही. पेशी बऱ्याचशा राहतात, त्यांच्यातल्या जोडण्या विरळ आणि मंद होतात, हिप्पोकॅम्पस हळूहळू आकसतो, आणि कपाळामागचा जो भाग शोधाशोध करतो, गैरलागू ते बाजूला सारतो, तोही पूर्वीइतका चपळ राहत नाही. परिणाम असा की सुट्या गोष्टी आठवतात, त्यांची गाठ सुटते. चेहरा आठवतो, नाव नाही. नाव आठवते, पण तो कुठे भेटला ते नाही. नावे सर्वांत आधी का जातात याचेही कारण मजेदार आहे. एखादा गृहस्थ सुतार आहे हे लक्षात राहते, कारण सुताराबरोबर करवत, रंधा, भुसा हे सगळे येते. एखाद्याचे आडनाव सुतार आहे हे विसरते, कारण त्याच्याबरोबर काहीच येत नाही. शब्दसंपत्ती मात्र साठी-सत्तरीपर्यंत वाढतही राहते.

एवढे ध्यानात ठेवून पुन्हा पुस्तक उघडले की तपासनिसांचा खटला निकालात निघतो. ‘स्मृतिचित्रे’त तारखा फार थोड्या आहेत. तारीख म्हणजे स्मृतीच्या दृष्टीने आडनाव सुतार. तिला चव नाही, वास नाही, धरायला जागा नाही. आपल्या भागातली जुनी माणसे म्हणूनच काळ सालाने मोजत नाहीत, खुणांनी मोजतात. पारनेर-पाथर्डीकडे कुणालाही विचारा: थोरला मुलगा बहात्तरच्या दुष्काळात झाला, सुकडी वाटत होते तेव्हा. मिलो खाऊन पोट बिघडले होते त्या साली विहीर खणली. यात ‘बहात्तर’ हाही आकडा राहिलेला नाही, ते एका अनुभवाचे नाव झाले आहे, आणि बारकाईने विचारले तर आधीच्या दोन वर्षांच्या गोष्टीही त्याच नावाखाली येऊन बसलेल्या सापडतात. बाईंच्या पुस्तकात प्लेग हे काम करतो, बदल्या आणि बिऱ्हाडे करतात, मुलांची वये करतात. त्यांच्याकडून सन-तारीख मागणे म्हणजे साठीपुढच्या स्मृतीकडून नेमके ते मागणे की जे तिने आधी टाकले. आणि त्यांनी जे राखले, म्हणजे बोलण्याची ढब, घरातली भांडीकुंडी, कोण कसे रुसे, कोणाचा हात कसा सैल, ते एकाही अहवालात सापडणार नाही.

इथे भाविकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. म्हाताऱ्या माणसांना जुने सगळे लख्ख आठवते, हा समज खरा नाही. लख्ख आठवते ते मोजके, निवडलेले, शेकडो वेळा हाताळलेले. बाकीचे केव्हाच गेलेले असते, आणि गेलेल्याची रिकामी जागा दिसत नसते म्हणून सगळे शाबूत वाटते. चार भागांचे हे पुस्तक जाड वाटते, पण सहा दशकांच्या आयुष्याचा तो किती लहान तुकडा आहे! कितीतरी वर्षे दोन वाक्यांत उरकलेली आहेत.

हाताच्या स्मृतीबद्दल थोडे बोलावेसे वाटते, कारण आपल्याकडे ते रोज पाहायला मिळते. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आत्याला जात्यावरची ओवी म्हणायला सांगितले तर ती दोन ओळींवर अडते. पुढ्यात सूप दिले, हात हलू लागला, की ओव्यांमागून ओव्या येतात. क्रेक या संशोधकाने म्हटले आहे की वृद्धांना नुसते आठवायला सांगितले तर ते मागे पडतात, पण आसपास आधार असेल तर तरुणांच्या जवळ येतात. जाते हा तो आधार. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन उभारले, तेही बायकांच्या गळ्यातून आणि हातातून आले. लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते ओवीत, याचे आश्चर्य मला कमी वाटते ते यामुळे. पण गद्य आठवणींना ठेका नसतो. तिथे आधार लागतो तो समोर बसून ‘मग पुढे?’ विचारणाऱ्या माणसाचा. ‘स्मृतिचित्रे’ला तो देवदत्तांच्या रूपाने मिळाला. मुलाने विचारले म्हणून आईला आठवले, हे नुसते कौटुंबिक कौतुक नाही. पुस्तकाच्या घडणीत त्याचा वाटा आहे.

आणि उलटही घडते. घरात म्हातारे माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगू लागले की आपण ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतो. गोष्ट पुन्हा सांगणे, नाव न आठवणे, चष्मा कुठे ठेवला हे विसरणे हे वय. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, सकाळी जेवलो हेच न पटणे, हा आजार. १९०६ मध्ये अल्झायमर यांनी आपल्या रुग्ण स्त्रीची हकीकत जर्मन डॉक्टरांपुढे मांडली तेव्हापासून हा आजार वैद्यकाला ठाऊक आहे. दोन्हींत गल्लत केली की उपचार हवा त्याला तो मिळत नाही आणि फक्त श्रोता हवा त्याला तोही मिळत नाही. खेड्यापाड्यांत दोन्ही गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या जातात, हे मी पाहत आलो आहे. एखाद्या सासूच्या डोक्यात एका गावाचा शंभर वर्षांचा इतिहास असतो आणि तो ऐकायला कुणी बसत नाही.

राहता राहिला चौथा भाग. माझ्या मते तो बाकीच्या तीन भागांच्या तोलाचा नाही, आणि तसे म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही. टिळक गेल्यानंतरची वर्षे ही लेखिकेच्या दृष्टीने सर्वांत ताजी. पेटीचा नियम खरा असता तर तीच सर्वांत ठळक यायला हवी होती. झाले उलट. पंधरा वर्षांपूर्वीचे फिके, पन्नास वर्षांपूर्वीचे गडद. ती वर्षे पुरेशी सांगून झालेली नव्हती. त्यांना गोलाई आली नव्हती, हशाच्या जागा सापडल्या नव्हत्या. आणि ज्याच्याशी भांडून, ज्याची वाट पाहून पहिल्या भागांतला प्रत्येक प्रसंग उभा राहिला, तो माणूस या पानांत नव्हता. शांता गोखले यांच्या २०१७ च्या इंग्रजी भाषांतराने हे पुस्तक पुन्हा चर्चेत आले, तेव्हा चौथ्या भागाबद्दल कुणी बोलेल असे वाटले होते. त्यात आईची लेखणी कुठे थांबते आणि मुलाची कुठे सुरू होते, हे भाषेवरून ठरवता येते का, हे मी सध्या पाहतो आहे. काही ठिकाणी येते. तिथे अचानक तारखा येऊ लागतात.